उच्चार, आडनाव आणि फुलराणी

बाईने आपले आयुष्य नव्याने मांडावे, त्यात थोडे प्रेम असावे, पुष्कळ गंमत असावी आणि प्रेक्षकाने हसत हसत घरी जावे, हा प्रेमविनोदी वाङ्मयाचा जुना आणि हुकमी विषय आहे. दलित समीक्षेने या वाङ्मयाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते साहजिकही होते. ज्यांच्यापुढे भाकरीचे, पाण्याचे आणि अब्रूचे प्रश्न उभे होते त्यांनी दिवाणखान्यातल्या रुसव्याफुगव्यांची चिकित्सा करीत बसावे, अशी अपेक्षा कोण करील? परंतु शोकांतिका पाहताना माणूस सावध असतो. विनोद पाहताना तो बेसावध असतो. समाजव्यवस्थेला आपले म्हणणे माणसाच्या गळी उतरवायचे असेल तर ही बेसावध वेळ तिला फार सोयीची असते. म्हणूनच 'ती फुलराणी' या अतिशय लोकप्रिय नाटकाचा विचार मला आवश्यक वाटतो.

पु. ल. देशपांडे यांचे हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर ते आधारलेले आहे. रस्त्यावर फुले विकणारी मंजुळा, भाषाशास्त्राचा एक प्राध्यापक, आणि या मुलीची बोली बदलून तिला उच्चभ्रू समाजात खपवून दाखवण्याची पैज, एवढे त्याचे कथासूत्र. भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली. त्या २००१ साली गेल्या. माझ्या पिढीला त्यांचे काम चित्रफितीवरच पाहावे लागले; पण मास्तरवर सूड कसा उगवीन याची स्वप्ने रंगवणारे मंजुळेचे स्वगत मात्र आम्हाला पाठ आहे. कारण शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि एकपात्री स्पर्धांत ते सतत होत असते. २०२३ साली याच कथेवरून 'फुलराणी' हा मराठी चित्रपटही आला. अर्धे शतक लोटले तरी ज्या कथेला प्रेक्षक मिळतो, ती कथा त्या समाजाच्या मनातल्या कोणत्या तरी खोल इच्छेला धरून असली पाहिजे.

ती इच्छा कोणती, हे पाहण्यासाठी आधी मूळ नाटकाकडे गेले पाहिजे. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नात झाला आणि १९१४ साली ते लंडनमध्ये आले. शॉ समाजवादी होते. इंग्रज माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याचा वर्ग उघडा पडतो, ही त्यांची तक्रार होती. या नाटकातील एक तपशील रसिकांच्या फारसा लक्षात राहत नाही. फुलवाली एलायझा प्राध्यापक हिगिन्सच्या घरी आपल्या पायांनी चालत येते. तिला रस्त्याच्या कोपऱ्यावर फुले विकायची नसून फुलांच्या दुकानात काम करायचे आहे. त्यासाठी बोलणे सुधारले पाहिजे हे तिला कळते, आणि शिकवणीची फी म्हणून ती एक शिलिंग देऊ करते. तिची दिवसाची मिळकत अडीच शिलिंग. म्हणजे दिवसाच्या कमाईचे दोन पंचमांश ती शिक्षणावर खर्च करायला निघाली आहे. हिगिन्स स्वतःच हिशेब करतो की लक्षाधीशाच्या बाबतीत हीच रक्कम साठ पौंडांच्या घरात गेली असती. माणूस उर्मट आहे, पण गणित त्याला कळते.

मला हा प्रसंग नाटकातील सर्वात महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. परीक्षेची फी भरायची तारीख जवळ आली की घरातला कोणता खर्च पुढे ढकलायचा याचा हिशेब ज्या घरांत होतो, त्या घरांना एलायझाची शिलिंग ओळखीची आहे. परंतु पुढे काय होते? हिगिन्सचा मित्र पिकरिंग पैज लावतो आणि प्रयोगाचा सगळा खर्च आपण करू असे सांगतो. त्या क्षणी एलायझाची शिलिंग कथेतून नाहीशी होते. फी देऊन शिकू पाहणारी विद्यार्थिनी होती. आता ती दोन सुखवस्तू पुरुषांच्या पैजेतील वस्तू झाली. स्वतःला नव्याने घडवण्याचा तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला गेला आणि तो प्राध्यापकाचा पराक्रम ठरला. शॉ यांना हे नीट ठाऊक होते. म्हणून तर शेवटी त्यांची एलायझा हिगिन्सला जाब विचारते. बाई आणि फुलवाली यांतला फरक वागण्यात नसून लोक त्यांना कसे वागवतात यात आहे, हे तीच सांगते. नाट्यगृहाला मात्र लग्न हवे होते. म्हणून शॉ यांना १९१६ साली छापील नाटकाला पुरवणी जोडून एलायझा हिगिन्सशी लग्न करीत नाही, हे बजावावे लागले. तरीही १९३८ च्या चित्रपटाने आणि १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेने तिला हिगिन्सच्या घरी परत आणलेच. प्रेमविनोदाचा साचा एवढा बळकट असतो की तो मूळ लेखकालाही दाद देत नाही.

आता मराठीकडे वळू. पु. लं.नी हे नाटक मराठीत आणले ते केवळ नावे बदलून नव्हे. मराठी बोलींचा एवढा तयार कान असलेला दुसरा लेखक त्या काळात शोधावा लागेल. मंजुळेची भाषा रस्त्यावरची आहे, जिवंत आहे, आणि ती लिहिताना लेखकाला आनंद झालेला आहे हे जाणवते. दलित लेखनाविषयी त्यांच्या मनात आकस होता असेही म्हणता येणार नाही. दया पवारांच्या 'बलुतं'चे त्यांनी मनापासून स्वागत केले होते. तेव्हा प्रश्न लेखकाच्या हेतूचा नाही. प्रश्न असा आहे की वर्गाच्या समाजात जन्मलेले कथासूत्र जातीच्या समाजात आणले म्हणजे त्याचे काय होते?

लंडनमध्ये उच्चार हीच माणसाची खूण होती. उच्चार बदलला की खूण पुसली जाते, या गृहीतावर सगळा विनोद उभा आहे. आपल्याकडे उच्चार ही खूण आहेच. 'पानी' म्हणणारा आणि 'पाणी' म्हणणारा, 'साळा' म्हणणारा आणि 'शाळा' म्हणणारा, यांच्यात मराठी समाजाने उंच भिंत घातलेली आहे. जोतीराव फुल्यांचे विचार खोडता येईनात तेव्हा त्यांचे व्याकरण काढण्यात आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची यथेच्छ टिंगल केली. प्रमाण मराठी म्हणून जी ठरली ती कोणाच्या ओसरीवर ठरली, हे सांगायला नको. परंतु आपल्याकडे उच्चाराच्या मागे आणखी एक दार आहे, आणि त्यावर आडनावाची पाटी आहे. उच्चार सुधारून पहिले दार उघडले तरी दुसऱ्या दारापाशी 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न उभाच असतो.

याचा पुरावा कल्पित वाङ्मयात शोधायची गरज नाही. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. एका दलित मुलीने संस्कृतसारखा विषय घ्यावा, त्यात एम. ए. व्हावे, ही गोष्ट फुलवालीने सरदारकन्येसारखे बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड होती. येथे तर प्राध्यापकाची पैजही नव्हती. होती ती मुलीची जिद्द, आणि जात न बघता शिकवणारे एक गुरुजी. उच्चार शुद्ध होते, पदवी हातात होती. तरी नोकरी मिळेना. पुढे आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव आले, आणि मग संस्कृतच्या अध्यापनाची जागा मिळाली. हे श्रेय आपले नव्हे, बदललेल्या आडनावाचे, असे त्या स्वतःच नोंदवतात. सोमकुवर नावाची मुलगी परीक्षेत उत्तीर्ण होऊनही दाराबाहेरच राहिली. शॉ यांच्या एलायझाला हा अनुभव येऊ शकत नव्हता. मंजुळेला तो येऊ शकला असता. परंतु आला असता तर नाटक प्रेमविनोदी राहिले नसते. नाटकाची कळ तिच्या उच्चारांत ठेवली आहे, जातीत नाही, म्हणूनच प्रेक्षकाला निर्धास्तपणे हसता येते. हलकेफुलकेपणाची किंमत अशी असते. ती कोणीतरी न बोलता भरलेली असते.

'ती फुलराणी'च्या तीनच वर्षे आधी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला होता. त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. 'गोलपिठा'ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि त्या कवितेतले कित्येक शब्द त्यांना कवीकडून समजावून घ्यावे लागले. मराठी साहित्याच्या इतिहासातील ही विलक्षण घटना आहे. येथे प्रस्थापित लेखक विद्यार्थी झाला होता आणि रस्त्यावरच्या भाषेचा मालक मास्तर. एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी, मध्यमवर्गासमोर दोन चित्रे होती. एकात त्याने खालच्या वस्तीची भाषा शिकायची होती. दुसऱ्यात खालच्या वस्तीतली मुलगी त्याची भाषा शिकत होती. त्याने अधिक प्रेम कोणत्या चित्रावर केले हे नाट्यगृहांच्या गर्दीने सांगितले आहे.

मी घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात मराठी शिकवते. माझे विद्यार्थी रमाबाई आंबेडकर नगरातून, विक्रोळीच्या पार्कसाईटमधून, भांडुपच्या टेकडीवरच्या चाळींतून येतात. कोणाच्या आजीआजोबांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडला, कोणाचे घराणे कोकणातून गिरणीसाठी आले. त्यांच्या बोलण्यात जालना आहे, रत्नागिरी आहे आणि मुंबईची हिंदीही आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमच्या एका विद्यार्थिनीने मंजुळेचे स्वगत निवडले. तिची आई रेल्वे स्टेशनच्या पुलाखाली गजरे विकत असे. तिला ती भाषा शिकावी लागली नाही. मंजुळेच्या रागाचाही अभ्यास करावा लागला नाही. तिने ते स्वगत ज्या ताकदीने केले ते मी विसरणार नाही. परीक्षकांनी तिला बक्षीस दिले नाही. तिचे बोलणे मुळातच तसे आहे, तेव्हा यात अभिनय कुठे आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. बक्षीस मिळाले ते अस्खलित प्रमाण मराठी बोलणाऱ्या आणि मंजुळेची बोली घोकून आलेल्या मुलीला. तिचे काम चांगले होते. दोष तिचा नाही. पण या निकालातून निघणारा नियम पाहा: ही बोली ज्याने पांघरली त्याची ती कला, आणि जन्मापासून जिच्या तोंडात आहे तिची ती त्रुटी. त्याच मुलीने निबंधात 'आनी' लिहिले तर मला नियमाप्रमाणे गुण कापावे लागतात. म्हणजे एका कागदावर जी चूक, तीच रंगमंचावर दुसरीच्या तोंडी मनोरंजन.

येथे कोणी म्हणेल, मग काय दलित मुलींनी प्रमाण भाषा शिकूच नये? आपली बोली कवटाळून वस्तीतच राहावे? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या चळवळीने बदलाला कधी नकार दिलेला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले? अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण्याची तऱ्हा सोडा, अंगावरचे ओझ्याचे दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. बायकांनी ते ऐकले आणि तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. टिपणीस आणि चित्रे या कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना नवे नेसणे दाखवले असे सांगितले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे आणि फुलराणीचे रूपांतर सारखेच दिसेल: खालच्या थरातील बाई, वरच्या थराची तऱ्हा, आणि ती शिकवणारी वरच्या थरातली माणसे.

पण फरक फार मोठा आहे. महाडच्या बायका कोणाच्या पैजेतील वस्तू नव्हत्या. एकट्या एकीने वर चढून बाकीच्यांना खाली सोडण्याचा तो बेत नव्हता. सगळ्याजणी मिळून ती खूणच पुसायला निघाल्या होत्या. त्यांची परीक्षा घ्यायला दरबारातली उच्चभ्रू मंडळी बसलेली नव्हती. आपण कोणासारख्या दिसतो यापेक्षा आपल्याला कसे वागवले जावे हा त्यांचा प्रश्न होता. मघाशी सांगितलेली एलायझाची समज आमच्या आज्यांना शॉ न वाचताच आलेली होती. आणि त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शिक्षण तिने घेतले. पण ते घेऊन ती दिवाणखान्यात खपून गेली नाही, दिवाणखान्याला जाब विचारू लागली. प्रमाण भाषा शिकण्याचे हे दोन मार्ग आहेत. एका मार्गाने गेले की आईची भाषा बोलायला लाज वाटू लागते. दुसऱ्या मार्गाने गेले की आईची गोष्ट अधिक लोकांना सांगता येते. मी वर्गात 'ण' आणि 'न' यांतला भेद शिकवते, काटेकोरपणे शिकवते. मात्र तो शिकवताना हेही सांगते की हा भेद म्हणजे परीक्षेला लागणारे हत्यार आहे, तुमच्या घराला दिलेले प्रमाणपत्र नव्हे.

राहता राहिला विनोदाचा प्रश्न. दलित साहित्य केवळ आक्रोश करते, त्याला हसता येत नाही, हा जुना आरोप आहे. हा आरोप करणाऱ्यांनी ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचावे. २००३ साली आलेले हे आत्मकथन म्हणजे स्वतःचे आयुष्य नव्याने विणणाऱ्या बाईचीच कथा आहे. कोकणातले खेडे, बांबूच्या टोपल्या विणणारी आई, स्वतः जमवलेले लग्न, मुंबईतले बिऱ्हाड, सरकारी नोकरी, संसार सांभाळून केलेले एम. ए., त्यावरून घरात झालेली कुरबुर, आणि लेखन. यात प्रेम आहे, फजिती आहे, बायकांच्या चावट गप्पा आहेत. वाचताना हसू येते. पण ते हसू लेखिकेच्या बोलीला नाही. ती स्वतःच हसते आहे आणि आपल्याला हसण्यात सामील करून घेते आहे. नवऱ्याकडे, जातीकडे, चळवळीतल्या पुरुषांकडे आणि स्वतःकडेही ती मिश्किलपणे पाहते. तिला घडवणारा कोणी प्राध्यापक कथेत नाही. ज्या नवऱ्यावर प्रेम केले तोही तिच्या शिकण्याच्या आड येतो, आणि तरी ती शिकते. प्रेमविनोदाच्या साच्यात हे बसणार नाही, कारण तेथे बाईच्या नव्या आयुष्याचा दाखला पुरुषाच्या पसंतीने मिळतो.

म्हणून 'ती फुलराणी' फेकून द्यावी असे मी म्हणत नाही. त्या नाटकाच्या पोटात एक विसंगती आहे आणि तीच त्याची खरी ठेव आहे. कथानक सांगते की मंजुळेचा विजय तिच्या शुद्ध बोलण्यात आहे. पण पन्नास वर्षे प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या त्या मास्तरने घडवलेल्या मंजुळेला नव्हे. आपल्या मूळच्या बोलीत मास्तरला धमकावणाऱ्या मंजुळेला वाजवल्या. त्या बोलीत जे बळ आहे ते प्रेक्षकालाही कळते. फक्त ते बळ लटक्या रागापुरते मर्यादित राहावे, खऱ्या फुलवालीच्या खऱ्या रागापर्यंत जाऊ नये, एवढीच त्याची अट असते. समीक्षेचे काम ही अट उघड करण्याचे आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढे बी. ए. केले. नंतर तिने स्वतःचे एक स्वगत लिहिले. त्यात फुलवाली मुलगी नाही, तिची आई बोलते. आणि गजऱ्याचा भाव करणाऱ्या बायकांच्या शुद्ध मराठीची ती जी नक्कल करते, तिने आमचा वर्ग हसून हसून लोळला. पुलाखाली बसलेल्या बाईला दिवाणखाना इतकी वर्षे ऐकू येत होता, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या स्वगताला अजून कोणत्या स्पर्धेत बक्षीस मिळालेले नाही. पण फुलराणीची परीक्षा घेणारे परीक्षक बदलायचे असतील, तर सुरुवात अशाच लेखनापासून होईल.